चतुर्दशीचा श्वास

गाडीला नाक फुटलं ते मगदुमांच्या घरात चौथी गाडी आली त्या वर्षी.

तोवर सांगलीतल्या त्या बंगल्यात तीन गाड्यांच्या तीन विमा पॉलिस्या होत्या, आणि त्यांच्या तारखा भूपाल मगदूम आपल्या हळदीच्या कारखान्यातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवायचे. सून दर्शना हिची छोटी गाडी दारात उभी राहिली तेव्हा मुलगा अभिनंदन म्हणाला की आता हे गोल पुरे, अख्ख्या घराची मिळून एकच पॉलिसी निघाली आहे. 'एकचूल' असं तिचं नाव. चारही गाड्या एका कागदावर. घरातल्या कुणीही कुठलीही गाडी काढावी, विमा लागू. घरातलं कोण आणि बाहेरचं कोण, हे मात्र कंपनी ठरवणार होती, आणि तेही रेशनकार्ड बघून नव्हे, वास घेऊन.

त्या सुमारास गाडीच्या आत कॅमेरा लावायला कायद्यानं बंदी आली होती. माणसाचा चेहरा त्याच्या मर्जीशिवाय टिपायचा नाही, असा नियम झाला. वासाचं कुणी नाव काढलं नव्हतं. विमा कंपन्यांनी तेवढ्या फटीतून नाक आत घातलं.

हे नाक म्हणजे स्टिअरिंगमागे बसवलेली रुपयाएवढी जाळी. जाळीमागे धातूंच्या भस्मांचे चौसष्ट पापुद्रे, केसाहून पातळ, सतत तापवलेले. माणसाच्या एका उच्छ्वासात शेकडो वायू असतात. अन्न पचताना, चरबी जळताना, आतड्यातले जंतू आपापलं काम करताना ते रक्तात उतरतात आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतात. कुठला वायू कुठल्या पापुद्र्याला किती झोंबला यावरून यंत्र एक नकाशा काढतं. दोन माणसांचे नकाशे कधी सारखे नसतात. पण एका चुलीवर जेवणाऱ्यांच्या नकाशांत एक रेघ सारखी निघते, कारण तेल तेच, पाणी तेच, भांडी तीच. तीन महिने फुंकर घेतली की नाकाला घर कळतं आणि घरातला माणूसही कळतो. गाडी सुरू करण्याआधी जाळीवर फुंकायचं. नाक मनातल्या मनात नाव लिहून घेतं आणि मग इंजिन सुरू होतं.

दारूचा वास आला तर गाडी अडायची. असं तीनदा झालं की एकट्याची नव्हे, घरातल्या चारही गाड्या वर्षभर जागच्या जागी. एक कागद, एक घर, एक शिक्षा.

राजमतीबाईंना, म्हणजे भूपालअण्णांच्या पत्नीला, त्या जाळीची पहिल्या दिवसापासून किळस आली. चौघांनी एकाच जागी तोंड न्यायचं, हे त्यांना उष्ट्या भांड्यानं पाणी पिण्यासारखं वाटे. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता. एक मऊ पंचा धुऊन गाडीत ठेवला आणि आधी जाळी पुसून मगच फुंकायला लागल्या. अभिनंदन हसायचा. म्हणायचा, "आई, नाकाला सोवळं नसतं."

एकसष्ट वर्षांच्या राजमतीबाईंचा दिवस नियमांवर चालायचा. पहाटे गाडी काढून बस्तीत, जैन मंदिरात, अभिषेकाला जाणं, दोन वेळा जप, पाणी गाळून पिणं, कांदा-लसूण आणि जमिनीखालचं काही न खाणं, सूर्य मावळायच्या आत जेवण. अष्टमी आणि चतुर्दशीला उपवास, तोही पाण्याविना. हे सगळं त्या इतक्या बिनबोभाट करायच्या की घरात कुणाला त्याची अडचण व्हायची नाही.

अडचण झाली ती नाकाला. पहिल्याच चतुर्दशीच्या संध्याकाळी गाडी बोलली, "चालकाची प्रकृती ठीक नाही," आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा सर्व्हेअर आला, मिरजेचा साजिद मुजावर, तिशीतला, बोलायला गरीब. त्यानं उलगडून सांगितलं की पोटात अन्न नसलं की शरीर साठवलेली चरबी जाळतं आणि त्यातून अॅसिटोन नावाचा वायू श्वासात येतो; नखांचा रंग पुसायच्या बाटलीला येतो ना, तोच वास. नाकाला तो आजार वाटतो. "रोज्यांच्या महिन्यात माझी गाडी मलाच ओळख विचारते, काकू," तो म्हणाला. त्यानं अष्टम्या-चतुर्दश्यांच्या वर्षभराच्या तारखा नोंदवून घेतल्या. त्या दिवशी राजमतीबाईंच्या श्वासात हा वास असायचाच, असं नाकाला शिकवलं, आणि गाळलेलं पाणी पिऊन तो गेला.

दोन वर्षं अशी गेली.

तिसऱ्या वर्षी दर्शना एके सकाळी राजमतीबाईंचा जप झाल्यावर त्यांच्यापुढे एक पाकीट घेऊन आली. हळदीची उंची पूड भरतात ते रुपेरी पाकीट, आतला वास बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये म्हणून दाबल्यावरच उघडणारी झडप बसवलेलं. झडपेला नळी लावलेली. या वयात फुप्फुसांचा व्यायाम हवा, असं ती म्हणाली. ती मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, तिला त्यातलं कळायचं. राजमतीबाईंनी पाकीट फुगवलं. रोज दोन फुगवू लागल्या. सुनेला आपली एवढी काळजी आहे, या विचारानं त्यांना भरून यायचं. बस्तीत त्यांनी एक-दोघींना सांगितलंही. उपवासाच्या दिवशी मात्र दर्शना पाकीट आणायची नाही. "आज राहू दे, आई, दमाल," म्हणायची.

भाद्रपदातली चतुर्दशी होती. राजमतीबाई संध्याकाळी फोन बंद करून, खोलीचं दार लोटून सामायिकाच्या ध्यानाला बसल्या होत्या. सकाळी फोन सुरू केला तर कंपनीचा निरोप आलेला: काल सायंकाळी सात वाजून वीस मिनिटांनी माधवनगर रस्त्यावर आपल्या हातून झालेल्या अपघाताबद्दल काळजी नसावी, आपली चूक आढळलेली नाही, पादचारी महिला निष्काळजीपणे आडवी आली.

त्यांनी निरोप तीनदा वाचला. खाली गेल्या. अभिनंदनच्या मोठ्या गाडीचा डावा दिवा फुटलेला होता.

दर्शना स्वयंपाकघरात होती. राजमतीबाईंनी फोन तिच्यासमोर ओट्यावर ठेवला, एवढंच. तिनं वाचलं आणि तिचे हात थांबले. मग रडत रडत, पण नीट क्रमानं, तिनं सगळं सांगितलं. अभिनंदन शेतावरच्या बैठकीत घेतो. दोनदा त्याची गाडी अडली होती. तिसऱ्यांदा अडली असती तर चारही गाड्या बंद. मग तिची नोकरी, अण्णांचा कारखाना, आईंची बस्ती, सगळंच अडलं असतं. लॅबमध्ये श्वासाचे नमुने कसे साठवतात ते तिला ठाऊक होतं. घरात सगळ्यांत स्वच्छ श्वास कुणाचा, हे सांगायची गरज नव्हती. जाळीला पाकीट लावायचं, झडप दाबायची, की नाक म्हणायचं, राजमती मगदूम.

"तुमच्यामुळंच घर चाललंय, आई," दर्शना म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

कपाट उघडून तिनं दाखवलं. खालच्या फळीवर पाकिटांची चळत होती, तीसेक असतील. प्रत्येकावर काळ्या पेनानं 'आई' आणि तारीख. राजमतीबाईंनी एक उचललं. फुगीर, गार, दाबलं की हलकेच दबणारं. मेलेल्या बेडकाच्या पोटासारखं. त्यांनी ते खाली ठेवलं, मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, चूळ भरली, परत धुतले.

पाण्यातला जीव मरू नये म्हणून चाळीस वर्षं ज्यांनी पाणी गाळलं, त्यांच्याच श्वासानं एका बाईचा पाय मोडला होता.

ती बाई मालन होती. कोपऱ्यावरच्या करंजाखाली इस्त्रीचा गाडा लावणारी. बस्तीत नेसायची राजमतीबाईंची पांढरी पातळं ती वेगळ्या फडक्यात बांधून आणून द्यायची आणि प्रत्येक वेळी सांगायची की त्यावर दुसऱ्याचं कापड ठेवलेलं नाही. सरकारी दवाखान्यात ती पाय टांगून पडली होती. गुडघ्याखाली दोन ठिकाणी हाड मोडलं होतं.

राजमतीबाईंना बघून ती उठायला गेली.

"वैनी, कंपनीनं लिवलंय, म्याच आडवी आली. पोरीनं वाचून दावलं." मग जरा थांबून म्हणाली, "गाडीवर तुमचं नाव हाय म्हनं. म्या पोरीला म्हनलं, येडी का खुळी तू. वैनी असत्या तर थांबल्या असत्या."

गाडी थांबली नव्हती. हे कंपनीच्या यंत्रालाही माहीत होतं, पण यंत्रानं त्याचाही अर्थ लावला होता. चालकाची तीन वर्षांची नोंद निष्कलंक, श्वास निर्मळ. मग चूक दुसऱ्याची. ब्रेक उशिरा लागला होता, पण त्रेसष्ट वर्षांच्या बाईचा पाय तेवढा उशिरा पडायचाच, यंत्राला त्यात वावगं वाटलं नाही. थांबल्या नाहीत, त्या घाबरून पुढं गेल्या असाव्यात. मालनच्या नावापुढं 'बेफिकीर पादचारी' असा शेरा पडला आणि उपचाराची जबाबदारी कंपनीवर राहिली नाही.

राजमतीबाईंनी मालनच्या पायाला हात लावला आणि घरी आल्या. मालनला काय सांगायचं ते आधी घरात ठरायचं होतं, आणि घरात ते ठरलेलंच होतं.

माणूस जखमी झाला की यंत्राच्या निकालावर माणसाची सही लागते, असा नियम होता. त्यासाठी मुजावर येणार होता. त्यानं अण्णांना फोनवर सांगितलं की सगळं जुळतंय, एकच गोष्ट विचारायची आहे. त्या दिवशी चतुर्दशी होती आणि काकूंच्या श्वासात उपवास दिसत नाही. तो येऊन एक नमुना घेईल, म्हणजे फाइल बंद करता येईल. त्यानं तारीख दिली. दर्शनानं कॅलेंडर बघितलं, पुढची चतुर्दशी.

तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. उपवासानं श्वास बिघडतो एवढंच तिनं धरलं होतं आणि बिघडलेला श्वास कधी साठवला नव्हता. त्या एका दिवशी बिघडलेला श्वासच खरा, हे तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. अभिनंदननं चतुर्दशीला त्रयोदशीचं पाकीट फोडलं होतं.

संध्याकाळी बैठकीच्या खोलीत सगळे बसले. अभिनंदननं दाढी केली होती, अंगाला साबणाचा वास होता. त्यानं आईच्या पायाशी बसून समजावलं की गाडी तिनंच चालवली, असं कागदावर आलेलंच आहे, त्यात नवीन काही बोलायचं नाही. तिला शिक्षाही नाही. फक्त उपवासाचं विचारलं तर त्या दिवशी मोडला म्हणायचं. पुढच्या चतुर्दशीला चार घास खाऊन घ्यायचे, म्हणजे नमुन्यातही तसंच येईल. वयामुळं हल्ली जमत नाही म्हणायचं.

राजमतीबाईंनी हळूच विचारलं, "मी मालनच्या पायावरून गाडी नेली आणि घरी येऊन जेवले, असं म्हणू?"

अभिनंदननं मान हलवली. "नाही, आई. तसं जुळणार नाही. आधी जेवलीस, मग गाडी नेलीस."

त्यांनी त्याच्याकडं बघितलं. हे तोंड त्यांनी धुतलं होतं, पुसलं होतं, त्यात पहिला वरणभात घातला होता. आता ते हिशेब दुरुस्त करत होतं.

मालनला आपण मदत करूच, असं अण्णा मध्ये म्हणाले. गपचूप करू. शेरा काय, गरिबाला शेऱ्याचं काय करायचंय. राजमतीबाई त्यांच्याकडं वळल्या. चाळीस वर्षांत या माणसानं त्यांच्या नियमांच्या आड कधी शब्द आणला नव्हता. त्या जेवत नाहीत म्हणून उपवासाच्या दिवशी स्वतःही एकच वेळ जेवायचा.

"अगं, माणसाच्या हातून उपवास मोडतो," अण्णा म्हणाले. ते त्यांच्याकडं न बघता बोलत होते. "त्याला प्रायश्चित्त असतं. मुलगा मोडला तर त्याला नसतं."

त्या उठून आपल्या खोलीत गेल्या. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ घरानं सवयीनं होकार असा घेतला.

चतुर्दशीला सकाळी नऊ वाजता मुजावर यायचा होता. आठला दर्शनानं टेबलावर उपिटाचं ताट ठेवलं. वाफ निघत होती, वर ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड. राजमतीबाई जप आटोपून आल्या तशी ती म्हणाली, "आई, तुमच्यासाठी वेगळ्या कढईत केलंय. कांदा नाही घातला."

तिचा चेहरा खरोखर काळजीनं भरलेला होता. उपवास मोडायला सांगताना कांदा टाळायचं तिला सुचलं होतं. राजमतीबाई ताटासमोर बसल्या. अभिनंदन दारात उभा होता, अण्णा पेपर उघडून बसले होते आणि पान उलटत नव्हते. तिघंही त्यांच्या तोंडाकडं बघत होते. वर्षभर हे घर आपल्या तोंडाकडंच बघत होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. उपिटावरची वाफ विरली. खोबऱ्याला पाणी सुटलं. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"आई, वेळ होतीय," अभिनंदन म्हणाला. "चारही गाड्या तुझ्या एका घासावर आहेत."

"दोन घास खा," अण्णा म्हणाले.

बाहेर फाटक वाजलं.

मुजावर आत आला, सगळ्यांना सलाम-नमस्कार करून खुर्चीच्या टोकावर बसला. समोरचं ताट त्यानं बघितलं आणि नजर काढून घेतली. अपघात कसा झाला, गाडी कोण चालवत होतं, त्यानं काही विचारलं नाही. पिशवीतून हातात मावणारं नाक काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "काकू, त्या चतुर्दशीला तुमचा उपवास होता?"

अभिनंदन बोलायला लागला की आईचं हल्ली वयामुळं... मुजावरनं हात वर केला. त्याला उत्तर काकूंकडूनच हवं होतं.

"होता," राजमतीबाई म्हणाल्या. "पाणीसुद्धा घेतलं नव्हतं."

"मग सात वीसला नाकानं जेवलेल्या माणसाचा श्वास घेतला, तो कुणाचा?"

"माझाच. पण आदल्या दिवशीचा." त्या उठल्या, कपाटाशी गेल्या आणि खालच्या फळीवरची पाकिटं दोन्ही हातांनी कवटाळून आणली. ती टेबलावर, उपिटाच्या ताटाभोवती, घसरत पसरली. काही खाली पडली. "मी गाडीत नव्हते. मी माझ्या खोलीत बसले होते. माझा श्वास गाडीत होता."

मुजावरनं एक पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, त्यावरची तारीख वाचली. मग हातातलं नाक त्यांच्यापुढं धरलं. राजमतीबाईंनी फुंकर घातली. पडद्यावर एक रेघ सरळ गेली, थबकली आणि वर चढू लागली. चढत राहिली. मुजावरनं पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. आजही या बाईच्या पोटात काही नव्हतं. ताट पुढ्यात असताना नव्हतं.

"रोज्यात माझी एवढी कधी चढली नाही," तो पुटपुटला आणि लिहायला लागला.

अभिनंदन म्हणाला, "आई, तू घर बुडवलंस."

राजमतीबाईंनी तोंडावरून पदर फिरवला आणि त्या सुनेला म्हणाल्या, "दर्शना, ते ताट उचल. वास येतोय."

पॉलिसी त्या महिन्यात रद्द झाली. अभिनंदनचा परवाना गेला आणि खटला उभा राहिला. मालनच्या नावापुढचा शेरा पुसला गेला, उपचार कंपनीकडं आले. चारही गाड्या पोर्चमध्ये धूळ खात उभ्या राहिल्या आणि दर्शना बसनं मिरजेला जाऊ लागली. राजमतीबाईंनी वरच्या खोलीत दोन शेगड्यांची चूल वेगळी मांडली. वेगळं तेल, वेगळी भांडी, आडातलं पाणी स्वतः गाळून. लोक म्हणाले, सुनेशी पटत नसेल. या वयात होतं असं. त्यांनी लोकांना तसं समजू दिलं. अण्णा एकदा जिना चढून आले. राजमतीबाईंनी वाढलं. अण्णा जेवले आणि खाली गेले.

पुढं मुजावरनं त्या चारांतल्या राजमतीबाईंच्या जुन्या गाडीची एकटीची पॉलिसी करून दिली. नाकाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं. तीन महिने ते रोज फुंकर घेत होतं आणि नव्या चुलीची रेघ ओढत होतं. जाळीवर दुसऱ्या कुणाचं तोंड जात नव्हतं, म्हणून पंचा लागेनासा झाला.

माघात मालनचं प्लास्टर निघायचं होतं. राजमतीबाई तिला न्यायला निघाल्या तेव्हा अभिनंदन पोर्चमध्ये उभा होता. पोर्चमध्ये गाड्यांची दाटी, गाडी मागं काढताना तुळशीच्या कट्ट्याला लागायची, म्हणून पूर्वी तोच ती बाहेर काढून द्यायचा. तो दार उघडून बसला. फाटकापर्यंतच तर जायचं होतं. सवयीनं पुढं वाकला आणि जाळीवर फुंकला.

"हा श्वास या घरातला नाही," गाडी म्हणाली.

राजमतीबाईंच्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर प्रश्न आला होता: चालक आपल्या घरातला आहे का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही. अभिनंदन काचेतून त्यांच्याकडं बघत होता, ओशाळं हसत. लहानपणी काही फोडलं की असाच हसायचा.

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

"उतर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

तो उतरला. त्या बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, जाळी पुसली. बोटाची घडी बदलून परत एकदा पुसली. मग फुंकर घातली, आणि गाडी तुळशीच्या कट्ट्याला न लावता स्वतःच मागं काढली.